दुसरा ठोका

कोट माझ्याकडे, संगीत आत.
मधे मखमलीचा पडदा, तोही कधी पुरता ओढला जात नाही.
तीस हिवाळे मी या शहरात
लोकांचे खांदे उतरवून घेतले,
हातात पितळी बिल्ला दिला: एकशे बारा, एकशे तेरा.
फरचा कोट झोपी गेलेल्या पोरासारखा जड असतो,
दोन्ही हातांनी घ्यावा लागतो.
खिशांत मी हात घालत नाही. कोट आपणहून सांगतात:
खोकल्याच्या गोळ्या, ट्रामचं तिकीट,
एकदा एक अख्खं उकडलेलं अंडं,
रुमालात, अजून कोमट.

आत माझा नवरा व्हायोला वाजवतो.
ओटोकार वेसेली, मागची रांग, खांबाच्या आडोशाला.
वॉल्ट्झमध्ये व्हायोलाला काम ते काय?
सूर पहिल्या व्हायोलिनांचे, ते वर झुंबरापाशी.
'एक' डबल बासचा. एक म्हणजे जमीन,
ती धिप्पाड माणसांनीच द्यायची.
ओटोकारला उरतात दोन आणि तीन.
दोन, तीन.
दोन, तीन.
बिल्ल्यांच्या वहीच्या मागच्या पानावर
मी एकदा हिशेब मांडला होता:
रात्रीला बारा हजार, मोसमाला वीस रात्री, तीस मोसम.
बहात्तर लाख वेळा
दुसऱ्याचं पाऊल पडल्यावर बोलला माझा नवरा.
त्याला दाखवलं तर म्हणाला,
सुट्टीच्या रात्री धरल्यास का?

पण व्हिएन्नाचा 'दोन' वहीत बसत नाही.
तो किंचित आधी येतो. कागदावर तसं लिहिलेलं नसतं.
बाहेरगावचे वादक घड्याळाबरहुकूम वाजवतात
आणि नाचणाऱ्यांची लाकडं होतात.
अंधारात जिना उतरताना, ओटोकार सांगतो,
अजून एक पायरी आहे म्हणून पाय टाकावा
आणि जमीन आधीच लागावी,
तसा दोन.
मग तीन?
तीनला घाई नको. बाई वळलेली असते,
तिचा घेर अजून मागे असतो,
दार धरून उभं राहायचं
सगळा घेर आत येईपर्यंत.
हे मला कळलं. दार मलाही धरता येतं.

यंदा फेब्रुवारीत त्याची शेवटची रात्र.
त्याच्या खुर्चीवर आता लिन्त्सचा एक पोरगा बसेल,
नखं स्वच्छ, गुडघे शाबूत.
पहाटे पाच वाजले. पांढरे हातमोजे, तुटलेले पंखे,
एकाच पायातला चंदेरी बूट, सगळं आवरलं.
खुंटीवर कोट एकच: दोनशे सहा.
मालकाचा पत्ता नाही. कोट टाकून कसं जायचं?
ओटोकारने पेटी खाली ठेवली.
हात पुढे केला.
म्हटलं, तुला येतं?
म्हणाला, समोर बसून पाहिलंय खूप.

खरं सांगते, आम्ही कधी नाचलो नव्हतो.
नाचाच्या रात्री तो वाजवायचा,
बाकीच्या रात्री त्याची बोटं दुखायची, माझे पाय.
त्याने पाठीवर हात ठेवला, दम घेतला
आणि नुसता उभाच राहिला.
ओठ हलत होते. आवाज नाही.
मला वाटलं छातीत काही झालं.
मग उमगलं:
हा वाट बघतोय.
कुणीतरी एक द्यायची.

मी टाच टेकवली. जोरात, फरशीवर.
आणि तो आला,
दोन, जरासा आधी,
तीन, दार धरून.
दोनदा काउंटरला धडकलो. गुडघा कुरकुरला.
माझ्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा
भलत्याच तालात वाजत होता.
प्रत्येक एक माझा. बहात्तर लाखांतला एकही
त्याने मागितला नाही.

दोनशे सहावाला आला तेव्हा
बर्फाने भिवया पांढऱ्या, बिल्ला पुढे केलेला.
म्हटलं, थांबा थोडं.
डावी फेरी राहिलीय.